सर्व्हरवर बनणारी इमेज फुटते, जुनीच येते किंवा मराठी विस्कटते : तपासणी कुठून सुरू करायची

मुंबईत गणपती जवळ आले की माझ्याकडे एकाच बिघाडाचे फोन सुरू होतात. मंडळाच्या साइटवर वर्गणी भरली की देणगीदाराच्या नावाची पावती सर्व्हरवर इमेज म्हणून बनते, लोक ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि मध्येच कुठेतरी ती बिघडते. गणपती गेले की तोच बिघाड सोसायटीच्या मेंटेनन्स पावतीत, क्लासच्या प्रमाणपत्रात, क्यूआर कोडमध्ये नाहीतर विक्रीच्या आलेखात भेटतो. भाषा कधी पीएचपी असते, कधी पायथन, कधी नोड. दुखणं मात्र ठरलेल्या जागीच असतं.

इमेज बनवणं आणि इमेज पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बहुतेक जण पहिल्या कामात चूक शोधत बसतात. फाँट बदलतात, लायब्ररी बदलतात, चित्र काढणारा कोड नव्याने लिहितात. चूक बहुतेक वेळा दुसऱ्या कामात निघते. म्हणून खालच्या पहिल्या पाच तपासण्या होईपर्यंत चित्र काढणाऱ्या कोडला हात लावू नका. त्यांना पैसे लागत नाहीत आणि सगळ्या मिळून तासाभरात उरकतात.

लक्षणं

- चित्राच्या जागी फुटलेल्या इमेजचं चिन्ह दिसतं.
- पत्ता थेट उघडला तर पानभर अगम्य अक्षरं येतात, सुरुवातीला ‘पीएनजी’ एवढं ओळखू येतं.
- इमेज अर्धीच येते, खालचा भाग रिकामा किंवा राखाडी.
- नाव किंवा रक्कम दुरुस्त केली तरी जुनीच पावती दिसते.
- एकाला दुसऱ्याचीच पावती दिसते. हे दिसलं तर बाकी सगळं सोडा आणि थेट शेवटचा भाग वाचा.
- लॅपटॉपवर ठीक, सर्व्हरवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’.
- ब्राउझरमध्ये ठीक, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रीव्ह्यूत किंवा ईमेलमध्ये नाही.
- मराठीच्या जागी चौकोन येतात, किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात.
- मध्यरात्रीनंतर काढलेल्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख येते.
- रीफ्रेश केलं की एकदा दिसते, एकदा नाही.
- एरवी बरी, पण गर्दीच्या वेळी ५०२ किंवा ५०४, म्हणजे मागच्या प्रोग्रामकडून नीट किंवा वेळेत उत्तर न आल्याच्या खुणा.

१. इमेजचा पत्ता एकटा उघडून बघा

पानावरच्या फुटलेल्या चिन्हावरून काहीच कळत नाही. त्या इमेजचा पत्ता कॉपी करा आणि इनकॉग्निटो खिडकीत उघडा. इनकॉग्निटोच का, तर तिथे तुमचं लॉगिन नसतं. व्हॉट्सअ‍ॅपचा प्रीव्ह्यू बनवणारा प्रोग्रामही असाच, कुकीशिवाय येतो. इथे लॉगिनचं पान उघडलं तर निदान झालंच: इमेज मागणाऱ्याला तुमचं अ‍ॅप लॉगिनकडे वळवतंय, आणि इमेजच्या जागी एचटीएमएल पोचतंय.

यावर घाईने लॉगिनची अटच काढून टाकू नका. पावतीचा पत्ता ‘पावती/१०१’ असा असेल तर १०२ टाकून शेजाऱ्याची पावती कोणीही बघेल, त्याच्या मोबाइल नंबरासकट. पत्त्यात क्रमांकाऐवजी लांब यादृच्छिक खूण ठेवा, किंवा सर्व्हरच्या गुप्त किल्लीने केलेली सही जोडा. ज्याच्याकडे पूर्ण लिंक आहे त्यालाच इमेज दिसेल आणि प्रीव्ह्यूही चालेल.

प्रीव्ह्यू तरीही आला नाही तर पानाच्या ‘ओजी:इमेज’ टॅगमध्ये, म्हणजे प्रीव्ह्यूत कुठली इमेज दाखवायची हे सांगणाऱ्या टॅगमध्ये, पूर्ण पत्ता आहे का बघा, म्हणजे एचटीटीपीएसपासून सुरू होणारा. नुसत्या तिरक्या रेषेने सुरू होणारा अर्धा पत्ता तिथे उपयोगाचा नाही. इमेज हलकी ठेवा. मी ३०० केबीच्या वर जाऊ देत नाही. दुरुस्तीनंतर तपासताना लिंकच्या शेवटी काहीतरी नवीन जोडा, नाहीतर फोनमध्ये साठलेला जुनाच प्रीव्ह्यू पुन्हा येतो आणि दुरुस्ती लागू झालीच नाही असं वाटतं.

ईमेलचं थोडं निराळं आहे. जीमेल २०१३ च्या डिसेंबरपासून बाहेरच्या इमेज स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं. त्यामुळे ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरचा पत्ता तुम्हाला उघडतो, पण मेलमध्ये ती इमेज कधीच दिसत नाही. बेस-६४ करून, म्हणजे बाइटांचा मजकूर बनवून, मेलमध्येच चिकटवलेली इमेजही जीमेल दाखवत नाही.

२. हेडर बघा

हेडर म्हणजे इमेजच्या आधी सर्व्हर तिच्याबद्दल पाठवतो ती माहिती. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, इमेजच्या ओळीवर क्लिक करा. तीन गोष्टी वाचायच्या: स्टेटस (निकालाचा आकडा, २०० म्हणजे ठीक), कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार), कंटेंट-लेंग्थ (बाइटांतली लांबी).

कंटेंट-टाइप ‘टेक्स्ट/एचटीएमएल’ असेल तर पानात इमेज दिसते आणि थेट उघडली की अगम्य अक्षरं येतात. याने भले भले गोंधळतात. इमेज टॅगमध्ये ब्राउझर सुरुवातीचे बाइट बघून स्वतःच प्रकार ओळखतो, पत्ता थेट उघडला की मात्र हेडरवर विश्वास ठेवतो. एसव्हीजीला, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेल्या चित्राला, ही सवलत नाही. ‘इमेज/एसव्हीजी+एक्सएमएल’ असंच लिहिलेलं हवं, नाहीतर ती इमेज टॅगमध्येही दिसत नाही. शिवाय एसव्हीजी वेगळी फाइल म्हणून देताना मूळ टॅगमध्ये ‘एक्सएमएलएनएस’ लागतो. पानातच लिहिलेल्या एसव्हीजीत तो नसला तरी चालतं, त्यामुळे तिथून उचलून राउटमध्ये (पत्त्याला उत्तर देणाऱ्या भागात) टाकलेला कोड हमखास इथे अडकतो.

कंटेंट-लेंग्थ हे अर्ध्या इमेजचं नेहमीचं कारण. लांबी अक्षरांत मोजली आणि पाठवले बाइट, किंवा लांबी आधी मोजली आणि नंतर इमेज बदलली, तर ब्राउझर सांगितलेल्या आकड्यावर थांबतो. हा हेडर स्वतः लिहूच नका. फ्रेमवर्कला लिहू द्या.

कर्ल, म्हणजे पत्ता मागवून बघायची कमांड, वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. फक्त हेडर मागणारा पर्याय ‘हेड’ विनंती पाठवतो. तुमचा राउट फक्त ‘गेट’ला उत्तर देत असेल तर ४०५ (ही पद्धत चालत नाही) येईल आणि तुम्ही नसलेल्या बिघाडामागे लागाल. पूर्ण इमेज उतरवा आणि हेडर वेगळे छापून घ्या.

३. पहिले आठ बाइट वाचा

माझ्या मते या सगळ्या प्रकारात सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि ती कोणी करत नाही. इमेज फाइल म्हणून सेव्ह करा आणि ‘ओडी’ कमांडला दशमान आकड्यांत बाइट दाखवायला सांगा. धडधाकट पीएनजीची सुरुवात अशीच असते:

१३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १०

८०, ७८, ७१ म्हणजे पी, एन, जी ही अक्षरं. बाकीचे आकडे पीएनजी ठरवणाऱ्यांनी मुद्दाम निवडले, पोचवताना झालेली मोडतोड लगेच उघडी पडावी म्हणून. १३७ हा १२७ च्या वरचा आहे, त्यामुळे बाइटांना साधा मजकूर समजणारा कोणीही त्याला सगळ्यात आधी बिघडवतो. १३-१० ही जोडी आणि शेवटचा सुटा १० ओळ संपल्याच्या खुणा आहेत; कोणी त्या खुणा एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलल्या की इथे दिसतं. २६ मुळे जुन्या डॉसमध्ये फाइल पडद्यावर छापताना तिथेच थांबायची. जेपीईजी असेल तर सुरुवात २५५ २१६ २५५ अशी, वेबपी असेल तर ८२ ७३ ७० ७०.

आता तुमच्याकडे काय आलं ते बघा.

सुरुवातीला २३९ १८७ १९१ असेल तर कुठलीतरी कोड फाइल बीओएमसकट सेव्ह झाली आहे. विंडोजवरच्या एखाद्या एडिटरने ते तीन अदृश्य बाइट घातलेत. एडिटरमध्ये ‘यूटीएफ-८, बीओएमविना’ निवडून पुन्हा सेव्ह करा.

१०, ३२ किंवा १३ १० असेल तर इमेजच्या आधी रिकामी ओळ किंवा स्पेस छापली जातेय. पीएचपीत इन्क्लूड केलेल्या एखाद्या फाइलच्या शेवटी बंद करणारा टॅग असतो आणि त्याखाली एक मोकळी ओळ. निव्वळ पीएचपी असलेल्या फाइलमध्ये तो शेवटचा टॅग लिहायचाच नाही, की हा प्रश्न उरत नाही. इमेजच्या मागे आलेली मोकळी ओळ बहुधा चालून जाते, पुढे आलेली एकही चालत नाही.

६० म्हणजे कंसाचं टोक, एचटीएमएलची सुरुवात. फाइल एडिटरमध्ये उघडा. एकतर लॉगिनचं पान असेल, नाहीतर पीएचपीची वॉर्निंग, आणि त्या वॉर्निंगमध्ये चुकीची ओळ आयती लिहिलेली असेल. प्रत्यक्ष साइटवर वॉर्निंग पडद्यावर न छापता लॉगमध्ये जाऊ द्या.

२३९ १९१ १८९ दिसलं तर बाइटांना कोणीतरी मजकूर समजलं. १३७ हा यूटीएफ-८ मध्ये एकटा बसत नाही, म्हणून त्याच्या जागी ‘कळलं नाही’ अशा अर्थाचं चिन्ह बसवलं गेलं. नोडमध्ये बफरवर टू-स्ट्रिंग केलेलं असतं, जावात आउटपुट-स्ट्रीमऐवजी रायटर वापरलेला असतो. ही हानी नंतर भरून निघत नाही, मूळ बाइट गेलेले असतात. उगमापासून शेवटपर्यंत बाइट हे बाइटच राहतील असं बघा.

३१ १३९ ही जीझिपची खूण. इमेज दाबून पाठवली, पण तसं सांगणारा हेडर वाटेत गळला. पीएनजी आणि जेपीईजी आधीच दाबलेले असतात, त्यांना जीझिप लावून फायदा नाही. त्या प्रकारांसाठी ते बंदच ठेवा.

आणि काहीच नाही, म्हणजे स्टेटस २००, कंटेंट-टाइप बरोबर आणि फाइल शून्य बाइटची. पायथनमध्ये बाइट्स-आयओत इमेज सेव्ह केली आणि वाचायची जागा पुन्हा सुरुवातीला नेली नाही. सेव्हनंतर सीक शून्य, एवढी एक ओळ.

४. जुनी इमेज : कॅश

दुरुस्ती केली तरी जुनीच पावती येते, तेव्हा ती नेमकी कुठून येते हे आधी ठरवा. ब्राउझर, मधला सीडीएन (फाइलींच्या प्रती साठवून देणारी सेवा), की तुमच्याच सर्व्हरवर साठलेली फाइल? अ‍ॅपचा लॉग उघडा ठेवा आणि पान रीफ्रेश करा. लॉगमध्ये ओळच उमटली नाही तर विनंती तुमच्यापर्यंत पोचलेलीच नाही. मग कोडमध्ये कितीही बदल करा, व्यर्थ आहे.

बरेच सीडीएन पत्त्याच्या शेवटी ‘.पीएनजी’ किंवा ‘.जेपीजी’ दिसलं की फाइल साठवण्यालायक मानतात. तुमच्या दृष्टीने ती प्रत्येक देणगीदारासाठी वेगळी बनणारी पावती असेल, सीडीएनच्या दृष्टीने मात्र ती लोगोसारखीच एक फाइल. त्यामुळे कॅश-कंट्रोल हेडर स्पष्ट लिहा. तो नसला की प्रत्येक जण आपापला अंदाज बांधतो.

शब्द नीट समजून वापरा. ‘नो-कॅश’चा अर्थ साठवू नको असा नाही, साठव, पण दाखवण्याआधी मला विचार, असा आहे. साठवायचंच नसेल तर ‘नो-स्टोअर’. फक्त त्या व्यक्तीच्या ब्राउझरने साठवावं, मधल्या कोणी नाही, असं हवं असेल तर ‘प्रायव्हेट’. खाजगी मजकूर असलेल्या इमेजवर ‘पब्लिक’ कधीही नको.

एकाच पानावर जावास्क्रिप्टने तोच पत्ता पुन्हा इमेज टॅगला दिला तर ‘नो-स्टोअर’ असूनही ब्राउझर आधीच उतरवलेली इमेज वापरू शकतो. थेट बदलणाऱ्या आलेखांत हे पदोपदी दिसतं.

यावर टिकाऊ उपाय एकच: इमेज बदलली की पत्ता बदलला पाहिजे. पावतीचा जो मजकूर आहे त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारी छोटी खूण, काढा आणि तो पत्त्यात घाला. रक्कम दुरुस्त झाली की हॅश बदलतो, पत्ता बदलतो, जुन्या कॅशचा प्रश्नच येत नाही. अशा पत्त्याला बिनधास्त ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभराची मुदत द्या आणि ‘इम्युटेबल’ लिहा. पत्ता बदलता येत नसेल तर ईटॅग, म्हणजे इमेजच्या आवृत्तीची खूण, द्या, म्हणजे इमेज तीच असताना सर्व्हर नुसतं ३०४ (बदललं नाही) म्हणून मोकळा होईल. पण ईटॅग काढण्यासाठी दर वेळी पूर्ण इमेज बनवणार असाल तर फक्त डेटा वाचतो, सर्व्हरचे कष्ट तेवढेच राहतात. ईटॅग इमेजवरून न काढता तिच्यामागच्या माहितीवरून काढा.

५. लॅपटॉपवर ठीक, सर्व्हरवर ४०४

४०४ चं पान नीट बघा. ते तुमच्या अ‍ॅपचं आहे की एनजिनएक्सचं, म्हणजे त्याच्या पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरचं? एनजिनएक्सचं असेल आणि अ‍ॅपच्या लॉगमध्ये काही नसेल, तर कॉन्फिगमध्ये ‘.पीएनजी, .जेपीजी’वर संपणारे सगळे पत्ते डिस्कवरून द्या असा नियम असणार. स्थिर फाइलींसाठी तो कोणीतरी योग्य हेतूने लिहिलेला असतो. तुमची इमेज डिस्कवर नाहीच, म्हणून ४०४. इमेजच्या राउटसाठी ^~ खुणेचा लोकेशन ब्लॉक लिहा. त्या खुणेने पॅटर्नचे नियम मागे पडतात. नाहीतर पत्त्यातून शेपूटच काढून टाका. ब्राउझरला शेपूट लागत नाही, कंटेंट-टाइप पुरतो.

६. मराठी विस्कटलं असेल तर

आता मात्र चित्र काढणाऱ्या कोडकडे वळायचं. इथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात.

सगळीकडे चौकोन असतील तर फाँटच नाही. डॉकरच्या, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवण्याच्या सोयीच्या, स्लिम कंटेनरमध्ये सहसा एकही फाँट नसतो. तुमच्या लॅपटॉपवर शेकडो असतात, म्हणून तिथे कळत नाही. कंटेनरच्या आत जाऊन एफसी-लिस्ट या कमांडला मराठीचे फाँट विचारा. यादी रिकामी आली तर नोटो देवनागरी बसवा, किंवा फाँटची फाइल प्रकल्पातच ठेवून तिचा पूर्ण मार्ग द्या. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण सर्व्हर बदलला तरी पावती तशीच राहते. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ पावतीसारख्या कामाला चांगला आहे. आयआयटी मुंबईतून आलेला ‘शोभिका’ही आहे, प्रमाणपत्रावर तो शोभून दिसतो.

अक्षरं येतात पण वेलांटी पुढे सरकते आणि जोडाक्षरं सुटी होतात, तेव्हा फाँट बदलून काही होणार नाही. देवनागरीत अक्षरांचा क्रम आणि आकार जुळवण्याचं काम वेगळा घटक करतो, बहुधा हार्फबझ. तो नसेल तर लायब्ररी एकापुढे एक चिन्हं मांडत जाते. पायथनच्या पिलो या इमेज लायब्ररीमध्ये हे काम रक्म नावाच्या लायब्ररीमार्फत होतं; स्पेलिंग आर-ए-क्यू-एम. पिलोच्या फीचर्समध्ये ती उपलब्ध आहे का हे एका ओळीत विचारता येतं. उत्तर ‘फॉल्स’ आलं तर बहुतेक वेळा फ्रीबिडी हे छोटं पॅकेज सिस्टिमवर नसतं. पिलोच्या तयार पॅकेजमध्ये रक्म येते, पण फ्रीबिडी ती चालताना शोधते. ते बसवा, अ‍ॅप पुन्हा सुरू करा. पीएचपीच्या नेहमीच्या जीडी लायब्ररीकडून ही जुळणी होत नाही. तिथे इमेजमॅजिकचा पँगोवाला मार्ग घ्या, किंवा पावती एचटीएमएलमध्ये मांडून हेडलेस, म्हणजे खिडकीविना चालणाऱ्या, क्रोमकडून इमेज काढा. क्रोम मराठी उत्तम काढतो, पण मेमरी भरपूर खातो.

तपासायला ‘मराठी’ हा शब्द टाकू नका, तो नापास झालेल्या व्यवस्थेतही बरा दिसतो. मी हे वाक्य वापरतो:

श्री गणेश मंडळ, चिंचपोकळी : दुसऱ्या हप्त्याची वर्गणी प्राप्त

‘चिं’ची वेलांटी च च्या आधी हवी, ‘वर्गणी’तला रफार ग वर हवा, ‘प्त’ आणि ‘प्त्य’ जोडलेले हवेत, आणि ‘दुसऱ्या’तला र आडव्या रूपात हवा. शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. काही साइटचे फॉर्म मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य अक्षरं काढून टाकतात. त्यात जोडणारं शून्य रुंदीचं अक्षर गेलं की ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं, आणि दोष इमेजच्या माथी येतो. डेटाबेसमध्ये काय साठलंय ते आधी बघा. ज्या फाँटात ल आणि श ची मराठी वळणं वेगळी दिलेली आहेत, तिथे भाषा ‘एमआर’ असं स्पष्ट सांगितल्याशिवाय ती येत नाहीत. पिलोत रक्म असेल तर मजकूर लिहिताना भाषा सांगता येते. एचटीएमएलमध्ये लँग लिहा.

आणखी एक मुंबईत वारंवार भेटणारी गोष्ट. देणगीदारांची यादी छापखान्यातून येते, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टाइप केलेली. त्या फाँटाशिवाय तो मजकूर इंग्रजी चिन्हांचा गोळा दिसतो. हा इमेजचा बिघाड नाही. यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर नावं डोळ्यांनी वाचा. देणगीदाराचं नाव चुकणं पावती न मिळण्यापेक्षा जास्त लागतं.

एसव्हीजी वापरत असाल तर इमेज टॅगमधली एसव्हीजी बाहेरून फाँट आणू शकत नाही. फाँट तिच्यातच घाला किंवा मजकुराचे आकार करून टाका.

७. तारीख एक दिवस मागे

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर आपल्याकडे रात्री १२ ते पहाटे ५.३० पर्यंत तिथे अजून आदला दिवस असतो. विसर्जनाच्या रात्री वर्गणी येतच असते आणि सगळ्या पावत्यांवर कालची तारीख पडते. इमेज बनवताना एशिया/कोलकाता हा टाइमझोन स्पष्ट द्या. कॅशच्या किल्लीत तारीख घालत असाल तर तिथेही हाच टाइमझोन हवा.

८. गर्दीत पडतं : मेमरी आणि वेळ

फाइल २०० केबीची असते म्हणून इमेज हलकी आहे असं समजू नका. ए-४ कागद ३०० डीपीआयने म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे बनताना जवळजवळ ३५ एमबी. एकाच वेळी २० जणांनी पावती उघडली तर ७०० एमबी यातच गेले, आणि एक जीबीचा सर्व्हर तिथेच बसतो. सिस्टिमच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. सापडलं तर ५०२ चं कारण तेच. फोनवर बघायच्या पावतीला १०८० पिक्सेल रुंदी पुरते. छापायची असेल तर पीडीएफ वेगळी द्या.

५०४ असेल तर वेळ मोजा. एनजिनएक्स ठरावीक मांडणीत उत्तराची ६० सेकंद वाट बघतो, पायथनचे प्रोग्राम चालवणारा गनिकॉर्न ३० सेकंदांत अडकलेला वर्कर (काम करणारी प्रोसेस) मारतो. हे आकडे वाढवणं हा उपाय नव्हे. तेवढ्या वेळात फोन धरलेला माणूस पुन्हा पुन्हा रीफ्रेश करतो आणि त्याच इमेजचं काम तिप्पट होतं.

पायथनच्या मॅटप्लॉटलिबने आलेख काढणाऱ्यांनी वेब सर्व्हरवर पायप्लॉट वापरू नये. त्याची अवस्था सगळ्या विनंत्यांत सामाईक असते, त्यामुळे एकाच्या आलेखात दुसऱ्याच्या रेषा येऊ शकतात, आणि बंद न केलेल्या आकृत्या मेमरीत साठत जातात. फिगर थेट बनवा.

९. पोचवण्याची पद्धतच बदलायची का

इथवर सगळं तपासून झालं आणि त्रास उरलाच, तर मांडणी चुकलेली आहे. हे काम मोठं आहे, म्हणून शेवटी.

पावती एकदा बनली की बदलत नाही. तरीही बहुतेक साइट ती प्रत्येक वेळी नव्याने काढतात, आणि माझ्या मते गर्दीतल्या बिघाडांचं मूळ इथेच आहे. वर्गणी जमा झाली की मागे चालणाऱ्या कामात एकदाच बनवा, साठवा, पुढे फक्त फाइल द्या. परवानगी तपासायची असेल तर अ‍ॅपने तपासावी आणि एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट हेडरने फाइल देण्याचं काम एनजिनएक्सकडे सोपवावं. अपाचेत एक्स-सेंडफाइल आहे. पायथन किंवा पीएचपीचा वर्कर मग लगेच मोकळा होतो.

‘एकदा दिसते, एकदा नाही’ याचं उत्तरही इथेच सापडतं. दोन सर्व्हर असतील आणि इमेज पहिल्याच्या डिस्कवर साठली, तर दुसऱ्याकडे गेलेली विनंती रिकाम्या हाताने परत येते. साठवण दोघांत सामाईक हवी. ऑब्जेक्ट स्टोरेज (नेटवरची फाइल साठवण) घ्या, पण सही केलेल्या लिंकची मुदत लक्षात ठेवा. अ‍ॅमेझॉनच्या एस-३ मध्ये ती जास्तीत जास्त ७ दिवस असते. ती लिंक थेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली तर मार्चमध्ये आयकराची कागदपत्रं जमवणाऱ्या देणगीदाराला ती मेलेली सापडते. लोकांना तुमच्या साइटची कायम लिंक द्या, सही केलेली लिंक त्यामागे दर वेळी नवी बनू द्या.

छोटा क्यूआर कोड दर विनंतीला बनवला तरी हरकत नाही. आलेख असेल तर आकडे पाठवून ब्राउझरमध्येच काढा. बेस-६४ ने पानात चिकटवलेली इमेज साधारण एक तृतीयांशाने फुगते आणि वेगळी कॅश होत नाही. एखाद्या लहान चिन्हाला ठीक, पावतीला नको.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

एकाला दुसऱ्याची पावती दिसली, तर तो तांत्रिक बिघाड राहत नाही, ती माहितीची गळती आहे. त्या क्षणी इमेजचा राउट बंद करा, सीडीएन रिकामा करायला सांगा, लॉग जपून ठेवा, पुसू नका. मग सुरक्षेचं काम करणारा माणूस आणि वकील, दोघांना फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे, आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदाही आहे. तुमच्या मंडळाला किंवा कंपनीला काय लागू होतं ते त्यांना ठरवू द्या. कॅश दुरुस्त करून गप्प बसू नका.

लोकांनी अपलोड केलेले फोटो तुमच्या इमेजमध्ये जात असतील तर स्वतः प्रयोग करू नका. २०१६ मध्ये इमेजमॅजिकमध्ये अशी त्रुटी सापडली होती की मुद्दाम बनवलेली फाइल चढवून सर्व्हरवर कमांड चालवता येत. लोकांनी लिहिलेलं एचटीएमएल हेडलेस क्रोममध्ये जात असेल तर ते तुमच्या आतल्या नेटवर्कवरचे पत्ते उघडू शकतं. पिलो सुमारे ९ कोटी पिक्सेलच्या वरच्या इमेजला इशारा देतं. तो इशारा बंद करण्याचा सल्ला कुठे वाचलात तर मानू नका.

प्रोसेस काही न सांगता ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ने मरत असेल, तर तो लायब्ररीच्या आतला प्रश्न आहे, तुमच्या कोडमध्ये सापडणार नाही. लोड बॅलन्सर (सर्व्हरांत विनंत्या वाटणारा) किंवा सीडीएनची चावी तुमच्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्यालाच बोलवा.

बोलावलेल्या माणसाला ‘इमेज दिसत नाही’ एवढंच सांगू नका. इमेजचा पूर्ण पत्ता, आलेले सगळे हेडर, पहिले १६ बाइट, त्या मिनिटाच्या अ‍ॅपच्या आणि एनजिनएक्सच्या लॉगच्या ओळी, आणि बिघाड दिसल्याची वेळ भारतीय की यूटीसी हे लिहून द्या. लॉगच्या ओळीत देणगीदाराचा मोबाइल नंबर असेल तर पाठवण्याआधी तो झाका.